‘गाडी खेचत नाही’ : काळाचौकीच्या आमच्या गॅरेजची वाटचाल

1998 साली मुंबईत काळाचौकीला एका गाळ्यात आम्ही गॅरेज सुरू केलं, तेव्हा समोरच्या रस्त्यावरून जाणारी जवळपास प्रत्येक टॅक्सी प्रीमियर पद्मिनी होती. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, आणि कारखाना इथलाच, कुर्ल्याचा. लोअर परळच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून मी सहा वर्षं एका टॅक्सी गॅरेजमध्ये काढली होती. ती गाडी मला डोळे मिटून खोलता यायची. पतपेढीचं कर्ज काढलं, दोन पोरं हाताशी घेतली, हिशेब पत्नीने सांभाळायला घेतला. क्लच प्लेट, ब्रेक, पॉइंट-प्लग, कार्बोरेटर सर्व्हिस. कामाला तोटा नव्हता.

दोन वर्षांनी एक टॅक्सीवाले मामा आले. “गाडी खेचत नाही. चौथ्यात टाकली की जीवच नाही राहत.” मी प्लग बदलले, पॉइंट आणि कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला. फरक शून्य. मग मी छातीठोकपणे सांगितलं, पिस्टनभोवतीच्या, दाब धरून ठेवणाऱ्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल. आठ दिवस त्यांची टॅक्सी आमच्याकडे उभी होती, म्हणजे आठ दिवस त्यांची कमाई बंद. नव्या रिंगा टाकून, हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण बसवून गाडी बाहेर काढली, आणि पहिल्याच पुलावर ती तशीच धापा टाकायला लागली.

दोष सापडला तो आमच्या पोरामुळे. मी रेस देत होतो आणि त्याने सहज सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. “दादा, इथून काहीच येत नाही ओ.” सायलेन्सर कापला तेव्हा आतला पत्रा तुटून मागच्या नळीवर आडवा बसलेला दिसला. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून? रिंगांचा काही संबंध नव्हता. इंजिनच्या कामाचा एक पैसाही मी मामांकडून घेतला नाही आणि त्या महिन्याचा पतपेढीचा हप्ता चुकला. त्या रात्री वही मिटताना पत्नीने एवढंच विचारलं, “रिंगा गेल्यात, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या प्रश्नापासून धरतो.

पुढच्याच महिन्यात ऑपेरा हाउसच्या बाजारातून कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्युम गेज आणला. सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारा कॉम्प्रेशन गेज बऱ्याच जणांकडे असतो. व्हॅक्युम गेज मात्र तेव्हाही फार कमी गॅरेजमध्ये दिसायचा, आजही तसंच आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, पोकळी तयार होते, ती हा गेज पाऱ्याच्या इंचांत दाखवतो. धडधाकट इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, 17 ते 21 इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणून हा आकडा इथे जसाच्या तसा लागू पडतो. तीच गाडी पुण्याला नेली तर उंचीमुळे जवळपास दोन इंच कमी दिसेल आणि त्यात दोष काही नसेल. काटा ठरावीक लयीत झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. काटा स्थिर आहे पण खालीच राहतो, तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची किंवा व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ, मागे पडलेलं असू शकतं. इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर धरून ठेवलं आणि काटा आधी वर जाऊन हळूहळू उतरायला लागला, तर सायलेन्सर किंवा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला. मामांच्या गाडीला हा गेज लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

इंजिनचा जोर कमी होणं ही गॅरेजमधली सगळ्यात फसवी तक्रार, असं माझं मत आहे. गाडी बंद पडली की दोष स्वतःच तोंड दाखवतो. इथे गाडी चालते, आवाज बरा येतो, फक्त चढ आला की दमते. हवा, पेट्रोल, करंट (प्लगची ठिणगी), कॉम्प्रेशन, धुराची वाट, यांपैकी कुठेही थोडी उणीव असली तरी गिऱ्हाइकाची तक्रार तीच. कधी तर इंजिनचा दोषच नसतो. म्हणून बोनेट उघडायच्या आधी आम्ही गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये हाताने ढकलून बघतो. जड गेली तर ब्रेक धरून बसलाय. चालवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात नेतो, एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथेच थांबतो. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी तेवढी पळत नाही, तर क्लच घसरतोय. या तपासणीला पाव तास लागतो आणि एक पैशाचं सामान लागत नाही.

26 जुलै 2005 ने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. सांताक्रूझला त्या दिवशी 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कलिना, कुर्ला, सायन, सगळीकडच्या गाड्या पाण्यात गेल्या. पहिले दोन महिने ऑइल बदलणं, वायरिंग सुकवणं, सीट धुणं, हेच काम. पण दिवाळीच्या सुमारास वेगळ्याच गाड्या यायला लागल्या. पुरानंतर दुरुस्त होऊन चालू झालेल्या, पण जोर नाही आणि आयडलिंगला थोडी थरथर. गेज लावला की तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन चांगलं, चौथ्याचं कमी. रिंगा गेल्या असत्या तर आत ऑइल टाकल्यावर फट बुजून आकडा वाढला असता, पण ऑइल टाकून पाहिलं तरी तो वाढेना, म्हणजे दोष रिंगांचा नाही. हेडही ठीक.

शेवटी प्लगच्या भोकातून एक सरळ तार पिस्टनवर टेकवली आणि इंजिन हाताने फिरवून पिस्टन सर्वांत वर येईल तिथे तारेवर खूण केली. चारही सिलिंडरला तसंच केलं. चौथ्याची खूण बाकीच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली होती. चालू इंजिनने पाणी ओढलं होतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला होता. वाकलेल्या रॉडचा पिस्टन पूर्ण वर पोचत नाही, मग कॉम्प्रेशन भरणार कसं? ती तार पत्नीने अजून गल्ल्याच्या खणात ठेवली आहे.

त्यानंतर आम्ही तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. दोष सापडला तरी घेणार, नाही सापडला तरी घेणार, आणि काय मोजलं ते कागदावर लिहून देणार. गिऱ्हाइकं तुटली. “नुसतं बघायचे पैसे?” हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल! काही महिने दोन पोरांचे पगार निघणंही कठीण झालं. पण थकलेली माणसं, तीन-तीन गॅरेज फिरून आलेली, यायला लागली आणि आणखी लोकांना पाठवायला लागली. पुढे फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या, स्कॅनर घेतला. स्कॅनर उपयोगी आहेच, पण तो फक्त सेन्सरचं म्हणणं सांगतो. सायलेन्सरमधला तुटलेला पत्रा त्याला दिसत नाही.

ज्या कामाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात ते 2023 च्या पावसाळ्यानंतरचं. दादरच्या एका निवृत्त शिक्षिका पद्मिनी घेऊन आल्या, यजमानांनी जिवापाड जपलेली. मुलगा चालवत होता, बाई शेजारी बसून होत्या. पहिल्या सेल्फला चालू होते, सपाटीवर चाळीसच्या वेगाने छान जाते. पण चढ लागला किंवा जरा दामटली की मिनिटभरात गुदमरते, आणि पाय काढला की पुन्हा ठीक. कार्बोरेटर, पेट्रोल पंप, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, सगळं नवीन टाकून झालं होतं. “आता इंजिन उघडायला सांगतायत,” बाई म्हणाल्या. “उघडू का, हे तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, “बाई, दोन दिवस द्या.”

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. व्हॅक्युम 18, काटा स्थिर, 2500 वर धरला तरी उतरला नाही. ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या टायमिंग लाइटखाली रेस दिल्यावर करंट नीट पुढे सरकत होता. म्हणजे इंजिन निरोगी, धुराची वाट मोकळी. राहिलं पेट्रोल. टपावरच्या कॅरिअरला जुन्या स्कूटरची टाकी कॉकसकट आवळली, तिथून थेट कार्बोरेटरला नळी दिली, पायाशी आग विझवायचं सिलिंडर ठेवलं, आणि पहाटे रिकाम्या रस्त्याने तीन बत्तीहून मलबार हिलचा चढ चढत हँगिंग गार्डनकडे निघालो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एका दमात वर गेली.

आता दोष मागची टाकी आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये. पंपाच्या तोंडाशी टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडून तोच व्हॅक्युम गेज लावला आणि मूळ टाकीवर पुन्हा तोच चढ. गाडी गुदमरली त्या क्षणी काटा झपकन वर चढला. पंप जीव तोडून ओढत होता, मागून पेट्रोल येत नव्हतं. टाकीचं झाकण सैल केलं, फरक नाही. चासीवरची लोखंडी नळी मोकळी. उरला तो वीतभर लांबीचा रबरी पाइप, लोखंडी नळी आणि पंप यांना जोडणारा. बाहेरून अगदी नवा.

तो मी ब्लेडने उभा चिरला. आतला थर एका जागी सुटून जिभेसारखा लोंबत होता, मोकळं टोक टाकीच्या दिशेला. पेट्रोल हळू वाहतं तेव्हा ती जीभ भिंतीला चिकटून राहायची, जोरात वाहिलं की उभी राहून भोक बंद करायची. आणि आधीच्या प्रत्येक गॅरेजमध्ये पंपाकडून टाकीकडे हवा मारून लाइन साफ आहे का पाहिलं होतं. त्या उलट्या हवेने जीभ दाबून बसायची आणि लाइन मोकळी दिसायची. कुणीतरी पेट्रोलसाठी नसलेला, पाण्याचा वाटावा असा पाइप तिथे लावला होता. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असल्या रबराला फुगवतं आणि सोलतं. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर आल्यापासून जुनी गाडी आली की आम्ही पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आधी तपासतो आणि इंधनासाठीच बनलेले बसवतो. चिरलेला तुकडा मी बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला, आणि म्हणाल्या, “एवढ्यासाठी इंजिन उघडणार होते.”

ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. ज्या गाड्यांवर आमचा संसार उभा राहिला त्या आता फक्त हौशी लोकांच्या घरी उरल्या आहेत. त्या आम्ही अजून घेतो, आणि इतर जुन्या गाड्याही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मुलगी आता गॅरेज बघते. तपासणीचा कागद तिने नव्याने छापून घेतलाय. त्यात पहिला प्रश्न आहे, ‘जोर कधी कमी होतो : थंड असताना, तापल्यावर, चढावर, की टाकी अर्धी झाल्यावर?’ गिऱ्हाईक उत्तर देईपर्यंत ती बोनेट उघडू देत नाही, मलासुद्धा.

आज गाळ्यात 1994 ची एक मारुती एट हंड्रेड उभी आहे. ब्रेक मोकळे, पेट्रोल भरपूर, टायमिंग लाइटखाली करंट बरोबर, आणि व्हॅक्युम 14 वर स्थिर. मुलीने कागदावर, व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्याबद्दल, ‘टायमिंग बेल्ट एक दात सरकला?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवलंय. उद्या सकाळी कव्हर काढायचं आहे.