आठवीचा लिटमस आणि खर्रा

जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो 31 मे ला. म्हणजे नवतपा सुरू, नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि शाळेला कुलूप. विदर्भातल्या शाळा उघडतात जून सरता सरता. त्यामुळे आमची शपथ, रॅली, रांगोळी असं सगळं जुलैत कधीतरी उरकून घेतात. फोटो काढले, अपलोड केले, फाइल बंद. पोस्टरवर हमखास सिगारेट आणि तिच्यावर लाल फुली. आता 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते 3.8 टक्के, आणि तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे 24.4 टक्के. ती फुली नेमकी कोणासाठी असते, मला अजून कळलेलं नाही.

मी नागपूरच्या महाल भागात एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या पोरांच्या आयुष्यात सिगारेट फारशी नाही, खर्रा आहे. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: सुपारीचा चुरा, जर्दा आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचा आणि एकजीव होईपर्यंत खसाखसा घासायचा. शाळा सुटल्यावर घरापर्यंतच्या रस्त्यात तो आवाज दोन-तीनदा तरी कानावर येतोच. सणाला, लग्नाला, मयतीला, सगळीकडे पन्नी निघते. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा तर पानठेल्यावर डोळ्यांसमोर तयार होतो. लोकांना तो घरच्यासारखा वाटतो.

पोरांची सुरुवात बहुतेक वेळा तंबाखूनं होत नाही, गोड सुपारीनं होते. ‘यात तंबाखू नाही ना जी मॅडम’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! खरी गोम तिथंच आहे. तोंड न उघडण्याचा जो आजार आपल्याकडे घरोघरी दिसतो, त्याचं मुख्य कारण सुपारीच. गालाच्या आतला भाग हळूहळू चामड्यासारखा घट्ट होतो, तिखट लागलं की आग होते, तोंड कमी कमी उघडतं. आणि सुपारी एकटीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोग घडवते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच जाहीर केलंय.

वर्गात मी कॅन्सरचे फोटो दाखवत नाही. तेरा वर्षांच्या पोराला पन्नाशीतला आजार म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट. मी म्हणते, स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घाला पाहू. सगळा वर्ग हसतो, लाळ गळते, मुली ओढणीआड करून बघतात. मागच्या बाकावरच्या एका पोराची दोनच बोटं गेली. त्यानं तिसरं जरा रेटून पाहिलं, मग हात गुपचूप खिशात घातला आणि इतरांबरोबर हसायला लागला. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत त्याला प्रयोगशाळेत बोलावलं, नंतर आईला. मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा, म्हटलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की सुपारी बंद केली तर आहे तिथं थांबेल, व्यायामानं थोडं सुटेल. पूर्वीसारखं होईलच असं नाही. त्या पोराला सगळ्यात जास्त काय लागलं असेल? गुपचुपची, म्हणजे पाणीपुरीची, पुरी अख्खी तोंडात जात नाही, हे.

आता माझा खरा मुद्दा. तंबाखूचा ‘उपक्रम’ वेगळा घ्यायचाच कशाला? आठवीच्या पुस्तकात आम्ल-आम्लारी आहेत. लिंबाचा रस, साबणाचं पाणी, खायचा सोडा यांच्या ओळीत मी पानाचा चुना ठेवते. थेंबभर चुन्याची निवळी, आणि तांबडा लिटमस निळा. ‘हा तर बाबा खर्ऱ्यात टाकते ना जी!’ कोणीतरी ओरडतंच. मग मी विचारते, का टाकतात? चवीसाठी? निकोटिनचं असं आहे की आम्लारीधर्मी वातावरणात ते मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ पडद्यातून झपाट्यानं रक्तात जातं. चुना त्याला दार उघडून देतो, आणि उघडता उघडता गालही जाळतो.

याच तासाला व्हेप, म्हणजे ई-सिगारेटही घेते. आमच्या शाळेत कोणाकडे व्हेप सापडलेला नाही, पण माझ्या बहिणीचा मुलगा वर्धा रोडकडच्या एका बड्या इंग्रजी शाळेत जातो. त्याच्या दप्तरात तिला पेनड्राइव्हसारखी एक वस्तू सापडली, आंब्याच्या वासाची. ‘ताई, तो म्हणतो नुसता फ्लेवर आहे गं.’ खर्रा म्हटला की तिला थुंकलेल्या भिंती आठवतात. या डबीवर तिचा विश्वास बसत होता, कारण ती दिसायला छान होती. मी तिला रसायनच सांगितलं. व्हेपच्या पुष्कळ द्रावणांत चुन्याच्या बरोबर उलटं करतात, आम्ल मिसळतात. त्यानं निकोटिनचा क्षार होतो, घसा खवखवत नाही, खोकला येत नाही, आणि पोरगं पहिल्या दिवसापासून खोल ओढू शकतं. शिवाय आपल्या देशात ई-सिगारेटची विक्री, साठा, जाहिरात सगळंच 2019 च्या कायद्यानं बंद. म्हणजे जे काही मिळतं ते चोरून आलेलं. डबीवर ‘निकोटिन शून्य’ छापलं असेल तर ते तपासलं कोणी?

हे ऐकल्यावर आठवीचा वर्ग जो चिडतो, तो पाहण्यासारखा असतो. ‘म्हंजे कंपनी आपल्याले येडं बनवून राहिली.’ या वयाला मरणाची भीती नसते, पण कोणी येडं बनवलेलं मुळीच खपत नाही. मला तेवढा राग पुरतो.

गणिताच्या सरांनी त्यावर कडी केली. शाळेच्या कुंपणापासून 100 यार्डांत तंबाखू विकायची नाही, असा 2003 चा कायदा. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. पोरं टेप घेऊन निघाली आणि ठेला आत सापडला. ठेलेवाला भाऊ शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, दोनशे रुपये दंड आहे, भरतो न.’ खरंच, त्या कलमात तेवढाच आहे. मी त्याला बालन्याय कायद्याचं कलम 77 वाचून दाखवलं: मुलाला तंबाखूचा पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ठेला पुढच्या आठवड्यात कोपऱ्यापलीकडे गेला.

घरचा प्रश्न मात्र टेपनं सुटत नाही. निम्म्याहून जास्त पोरं ठेल्यावर जातात ती बापासाठी, आबाजीसाठी. ‘जाय, एक खर्रा घेऊन ये, उरलेल्याचं चॉकलेट घे.’ मोठ्यांना नाही म्हणायचं नाही हेही आपणच शिकवलेलं. म्हणून आम्ही वर्गात नाटकं करतो. बापाची भूमिका करायला झुंबड उडते, आणि पोरं ती इतकी हुबेहूब करतात की मला कधी कधी ऐकवत नाही. नकाराचं वाक्यही आम्ही ठरवून दिलंय, त्यात पोराच्या अंगावर काही येत नाही: ‘आबाजी, ठेलेवाला आता देतच नाही. अठराच्या खालच्याले देलं तर त्याले जेल होते.’

एका पोरानं ते घरी वापरलं. मी उत्सुकतेनं विचारलं, मग?

‘मग काय मॅडम, आबाजीनं ठेलेवाल्यालेच फोन लावला. आता तो घरी आणून देते.’