पावली ती पावती

नागपुरात एकाच कागदाला दोन नावं आहेत. महालातल्या घरमालकाकडून भाड्याची पावती मिळते, इतवारीच्या घाऊक बाजारात रसीद. "रसीद बनवू का, भाऊ?" असं दुकानदार विचारतो, आपण "हो, पावती द्या" म्हणतो आणि कुणालाच काही खटकत नाही. १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या गावाला दोन भाषांत व्यवहार करायची सवयच आहे.

गंमत म्हणजे दोघींचा अर्थ एकच. फारसीत 'रसीदन' म्हणजे पोचणे. रसीद म्हणजे पोचलं. आपली पावती 'पावणे'मधून आली, आणि ते संस्कृत 'प्राप्'मधून. नवसाला देव पावतो तेच हे पावणं. टेकडीचा गणपती भक्ताला पावतो, भाडं घरमालकाला पावतं. घरमालक फक्त तसं लिहून देतो. कुणा धास्तावलेल्या कारकुनाला एवढ्यानं भागेना, म्हणून 'पोचपावती' निघाली असावी. पोचलं आणि पावलंही!

चालान मात्र दुसऱ्या टोकाचं. ते चालण्यातलं, म्हणजे रवानगीचं. मालासोबत जाणारा कागद चालान, आणि आरोपीला कोर्टात पाठवणं हेही हिंदीत चालानच. व्हेरायटी चौकात सिग्नल तोडला की कापलं जातं ते यांचंच भावंड. बँकेत पैसे भरताना आपण त्याला चलन म्हणतो, तेव्हा ते जरा सभ्य वाटतं.

पावतीपुस्तकातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे स्थळप्रत. टोचलेल्या भोकांच्या रेघेवरून टर्रकन फाडलं की पावती आपल्या खिशात येते आणि तिची कार्बनमधून उमटलेली निळी जोडीदारीण जागच्या जागी राहते. फाडणं हा शब्द तिथूनच वर्गणीला चिकटला. गणेशोत्सवात मंडळाची पोरं दारात आली की "काका, पाचशेची फाडू?"

आता तर्रीपोह्याच्या गाडीवरही कागद नाही. क्यूआर कोडशेजारचा डबा ओरडतो, "चालीस रुपये प्राप्त हुए." बघा, परत तोच 'प्राप्'! पण तो ओरडा प्राप्तिकरात घरभाड्याची सूट मागताना ऑफिसात दाखवता येत नाही. तिथं घरमालकाची पावतीच लागते, आणि रोख भाडं पाच हजारांच्या वर असलं तर तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीटही.