वीतभर माती

सुट्टी होती म्हणून आज ब्रिटिश म्युझियमला गेले. खोली क्रमांक 52, सायरसचा सिलिंडर. सायरस म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचा इराणी सम्राट, आणि सिलिंडर मातीचा, त्याच्या नावानं लेख कोरलेला. बघून पहिला विचार आला, एवढासाच? जेमतेम वीतभर, मधे फुगीर, एका बाजूला फुटलेला. त्यावर मुंग्या चालून गेल्यासारखी बारीक, खिळ्यांच्या आकाराची कीलाकार अक्षरं.

शेजारी एक इराणी कुटुंब. बाबांच्या गळ्यात फरवहरचं पदक, आपल्याकडे अग्यारीच्या दारावर दिसतं तेच. पोराला इंग्रजीत सांगत होते, "जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा. आपला!"

मी गप्प. मजकुरात सायरसनं जिंकलेल्या बाबिलोनच्या मार्दुक देवाचे गोडवे आहेत. सत्तेवर आलेल्या राजानं असं काही लिहून इमारतीच्या पायात पुरायचं, ही तिकडची जुनीच रीत. 'मानवी हक्क' हे लेबल गाजलं ते शहामुळे, म्हणजे इराणच्या शेवटच्या राजामुळे. 1971 मध्ये त्यानं राजेशाहीची 2500 वर्षं साजरी केली आणि हा सिलिंडर सोहळ्याचं बोधचिन्ह झाला. 1976 मध्ये तर गड्यानं कॅलेंडरच बदललं, वर्षं सायरसपासून मोजायला लावली, 1355 साल एकदम 2535! दोन वर्षांत गुंडाळावं लागलं, ते सोडा.

गंमत म्हणजे 2010 मध्ये हाच सिलिंडर उसना तेहरानला गेला, तेव्हा इस्लामी प्रजासत्ताकाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी सायरसचा वेश केलेल्या नटाच्या गळ्यात बसीजवाल्यांचा, म्हणजे राजवटीच्या स्वयंसेवक दलाचा रुमाल घातला. शहा गेला, सायरस कामावर हजर.

पोरानं विचारलं, "आपला आहे, तर मग इथे का?"

बाबा फोटो काढत होते.