पिसांच्या टोपीचा माग: रोम ते तोरिनो, बेर्साल्येरींच्या वाटेने

रोमला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक कोलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेव्हीचं कारंजं पाहतात आणि फ्लॉरेन्सची गाडी पकडतात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक अख्खा दिवस बेर्साल्येरींसाठी राखून ठेवा. बेर्साल्येरी म्हणजे इटलीच्या सैन्यातलं चपळ नेमबाज पायदळ. रुंद काठाची काळी टोपी, तिच्या उजव्या बाजूला लोंबणारा काळ्या पिसांचा झुबका आणि संचलनातसुद्धा चालणं नाही, धावणं! रोमच्या आधुनिक इतिहासातली दोन मोठी वळणं या टोपीवाल्यांशी जोडलेली आहेत, आणि दोन्ही ठिकाणं एका दिवसात पाहून होतात. फक्त क्रम चुकवू नका. आधी जानिकोलोची टेकडी, मग पोर्ता पिया.

आम्ही प्रजासत्ताक दिनाचा, म्हणजे २ जूनचा मुहूर्त साधून गेलो होतो. त्या दिवशी कोलोसियमपासून व्हेनेत्सिया चौकापर्यंतच्या फोरी इम्पेरियाली रस्त्यावर लष्करी संचलन असतं. बाकीच्या तुकड्या शिस्तीत पावलं टाकत जातात. मग दुरून तुताऱ्यांचा आवाज येतो आणि गर्दी एकदम पुढे सरकते. बेर्साल्येरींचं वाद्यपथक, ज्याला ते फान्फारा म्हणतात, धावत धावत वाजवत येतं. सगळी वाद्यं पितळी, फुंकून वाजवायची. ढोल नाही, ताशा नाही. धावताना दम टिकवून सूर धरायचा, हे किती अवघड आहे ते ज्याने कधी बासरी तरी फुंकली आहे त्याला लगेच कळेल. पिसं वाऱ्यावर उडत असतात आणि ताल सगळा पायांचा. मी आजवर पाहिलेल्या संचलनांत अंगावर काटा आणणारं असं दुसरं काही नाही.

जाणार असाल तर सकाळी फार लवकर पोचा. बसायच्या जागा निमंत्रितांसाठी असतात, बाकीच्यांनी कठड्यामागे उभं राहायचं. कोलोस्सेओचं मेट्रो स्थानक अशा दिवशी बंद असू शकतं, म्हणून काव्हूर स्थानकावर उतरून चालत जाणं सोयीचं. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. रस्त्याकडेच्या नळांचं पाणी गार आणि पिण्याजोगं असतं, बाटली तिथेच भरून घ्या.

हे धावणं आलं कुठून? १८३६ साली इटली नावाचं एक राष्ट्र नव्हतंच. तोरिनोमधून कारभार चालणारं सार्डिनियाचं छोटं राज्य होतं. तिथल्या आलेस्सांद्रो ला मार्मोरा या कप्तानाच्या मनात बरीच वर्षं एक कल्पना घोळत होती. घोडदळ पोसणं महाग, मुलूख डोंगराळ. तेव्हा घोड्यावाचून वेगाने जागा बदलणारे आणि अचूक नेम धरणारे पायदळातले गडी तयार करायचे. त्याने बंदूक स्वतः बेतली, पोशाख बेतला, आणि ज्युझेप्पे व्हायरा नावाच्या सैनिकाला तो चढवून राजा कार्लो आल्बेर्तोपुढे उभं केलं. १८ जून १८३६ रोजी दलाची स्थापना झाली आणि त्या टोपीला आजही व्हायराच म्हणतात. पिसं कॅपरकेली या मोठ्या रानपक्ष्याची. ती उजव्या डोळ्यावर सावली धरतात आणि नेम धरताना ऊन आड येत नाही, असं सांगतात. ला मार्मोराने आपल्या माणसांना जी दहा सूत्रं घालून दिली, त्यांतलं शेवटचं मला फार आवडतं: स्वतःवर विश्वास, तोही अगदी घमेंड वाटावी इतका.

आता जानिकोलो. त्रास्तेवेरेतून चढ चढत जावं. चढ छातीवर येतो, म्हणून सकाळीच निघा आणि बाराच्या आत माथ्यावर पोचा, कारण तिथे रोज दुपारी बाराला तोफ उडवतात. वरच्या बागेत इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला सेनानी गारिबाल्दी याचा अश्वारूढ पुतळा आहे आणि रस्त्याच्या दुतर्फा त्याच्या साथीदारांचे अर्धपुतळे. त्यांत लुच्यानो मानारा शोधा. १८४९ मध्ये रोममध्ये प्रजासत्ताक उभं राहिलं होतं आणि पोपला परत गादीवर बसवण्यासाठी फ्रेंच सैन्य चालून आलं होतं. मिलानचा मानारा प्रजासत्ताकाच्या मदतीला आपल्या लोम्बार्द बेर्साल्येरींना घेऊन आला. बंदरातच फ्रेंचांनी त्याला अडवलं आणि ४ मेपर्यंत लढाईत उतरणार नाही असं वचन घेऊन सोडलं. त्याने वचन पाळलं, आणि मग याच टेकडीवर पिसांच्या टोप्या घातलेली ती पोरं जून संपेपर्यंत लढली. ३० जूनला व्हिला स्पादामध्ये मानारा पडला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. सान पांक्रात्स्यो दरवाज्यात त्या प्रजासत्ताकाचं छोटं संग्रहालय आहे. अर्धा तास तरी द्या.

हे पाहून मग पोर्ता पियाला गेलात की तिथली भिंत बोलू लागते. तेर्मिनी स्थानकापासून चालत वीसेक मिनिटं, किंवा मेट्रोच्या बी मार्गावरचं कास्त्रो प्रेतोरियो स्थानक. शहराच्या आतल्या बाजूचा दरवाजा मायकलअँजेलोच्या आराखड्याचा, त्यामुळे आधी तो बघून घ्या आणि मग बाहेर पडा. समोर चौकात पुब्लियो मोर्बिदुच्ची याने घडवलेला धावता बेर्साल्येरे आहे, १९३२ चा. पण खरी जागा तिथे नाही. दरवाज्यातून बाहेर पडल्यावर तटाला धरून कोर्सो दितालियावर थोडं चाललात की भिंतीत स्मारक-शिला आणि एक स्तंभ दिसतो. २० सप्टेंबर १८७० च्या सकाळी इटलीच्या तोफांनी तटाला खिंडार पाडलं ते इथे. त्या खिंडारातून बेर्साल्येरी आत घुसले, पोपची रोमवरची सत्ता संपली आणि पुढे रोम राजधानी झालं. चौतिसाव्या बटालियनचा प्रमुख मेजर जाकोमो पाल्यारी इथेच मारला गेला. बहुतेक प्रवासी चौकातल्या पुतळ्याचा फोटो काढून परततात. तुम्ही तसं करू नका. त्याच्या एकवीस वर्षं आधी जे शहर वाचवताना मानाराची माणसं हरली, त्याच शहरात त्याच टोपीची माणसं या भिंतीतून शिरली.

दलाचं ऐतिहासिक संग्रहालय पोर्ता पियाच्या इमारतीतच आहे. ते लष्कराकडे असल्याने वेळा आणि दिवस आधी विचारून घ्या, केवळ त्याच्या भरवशावर दिवस आखू नका. २० सप्टेंबरच्या सुमारास रोममध्ये असाल तर स्मारकापाशी दरवर्षी होणारा कार्यक्रम जरूर गाठा.

संध्याकाळी पिंचोच्या बागेत जा, एन्रिको तोतीच्या पुतळ्यासाठी. रोमचा हा रेल्वे कामगार. १९०८ मध्ये अपघातात त्याचा डावा पाय गेला. त्यानंतर एका पायाने सायकल मारत तो उत्तर युरोपापर्यंत आणि पुढे इजिप्त-सुदानपर्यंत फिरला. पहिल्या महायुद्धात सैन्याने त्याला नाकारलं, तरी तो हटून सायकलस्वार बेर्साल्येरींमध्ये राहिला आणि ६ ऑगस्ट १९१६ रोजी मोनफाल्कोनेजवळ मारला गेला. मरता मरता त्याने आपली कुबडी शत्रूवर भिरकावली, असं इटलीत घरोघरी सांगतात.

ज्यांना आणखी वेळ आहे त्यांनी वेगवान गाडीने तोरिनो गाठावं, साधारण सव्वाचार तास लागतात. पोर्ता सुसा स्थानकातून बाहेर पडलं की व्हिया चेर्नाया लागतो, क्रिमियातल्या १८५५ च्या लढाईचं नाव असलेला रस्ता. त्याच रस्त्यावर बागेत ला मार्मोराचा १८६७ चा पुतळा आहे. तो स्वतः ती लढाई पाहायला उरला नाही. जूनमध्येच बालाक्लावाजवळच्या छावणीत पटकीने गेला. बेर्साल्येरींची निळ्या गोंड्याची लाल फेझ टोपी त्याच मोहिमेत फ्रेंचांच्या झुआव्ह सैनिकांकडून आली.

आणि मराठी माणसाने परतीच्या वाटेवर उंब्रियातलं मोंतोने गाव टाळू नये. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगडातल्या माणगाव तालुक्याचे, १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाची सूर्यघड्याळाची स्मृती तिथे २०२३ मध्ये उभारली आहे. स्वतःची गाडी भाड्याने घेतलीत तर हे सोपं पडतं, कारण गाव डोंगरमाथ्यावर आहे. गाडी खाली लावून तटाच्या आत पायी जा.