दाबा, धरा, सोडा

मिशिगनमध्ये समुद्र नाही. तळी आहेत, तीही अशी की पलीकडचा काठ दिसू नये, पण पाणी गोडं. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आलेले बाबा माझ्या म्हाताऱ्या गाडीखाली वाकून बघत म्हणाले, "इथे खारा वारा नाही, काही नाही, मग हा गंज कुठला गो?"

रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाला गंजाची पारख असते. खिडक्यांचे गज दर पावसाळ्यानंतर घासून रंगवण्यात त्यांची हयात गेली. पापुद्रे सुटलेला हा गंज मिठाचाच, हे त्यांनी चष्मा न लावता ओळखलं.

मीठ येतं जमिनीखालून. डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे १,२०० फूट खाली, मिठाची खाण आहे. चाळीस कोटी वर्षांहून जुना एक समुद्र आटला, त्याचं ते मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इकडे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तेच खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच तळघरात त्या मोटारी खाणारं मीठ! बाबा खूश झाले. "म्हणजे धंदा बंद पडायची भीती नाही," म्हणाले.

पत्रा गंजला तर निदान दिसतो. ब्रेकचा पाईप दिसत नाही. पाऊण इंचाच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची ही पोलादी नळी मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडल दाबलं की ऑईल पुढे ढकलणाऱ्या पंपापासून, निघून गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाते. जोरात ब्रेक मारला की तिच्या आत चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात दाब चढतो. आणि ती सडते कुठे? उघड्यावर नव्हे, तर जिथे तिला क्लिपने नीट धरून ठेवलेलं असतं, नेमकं तिथे. क्लिपखाली खारट चिखल अडकतो, ओल राहते आणि बाहेरून ठणठणीत दिसणारा पाईप तिथल्या तिथे पातळ होत जातो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने मिठाच्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना सांगितलं होतं की पाईप तपासून घ्या आणि हिवाळ्यात गाडीचं पोट धूत जा. उणे दहा अंशांत गाडीचं पोट कोण धुतं, हे खात्याने सांगितलं नाही.

आमच्या गाडीच्या ब्रेक ऑईलची पातळी खाली आली होती आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत होती. "घरी काहीही कर, पण ब्रेकला हात लावू नकोस," असं मला सगळ्यांनी बजावलं. मला हे कधीच पटलेलं नाही. ज्याला नंतर त्या गाडीत बसायचंय, पोराला मागच्या सीटवर बसवायचंय, त्याच्याइतका घाबरट मेस्त्री कुठल्या गॅरेजात मिळणार? घाबरलेला माणूस प्रत्येक नट तीनदा तपासतो. फक्त गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड हवेत, जमीन सपाट हवी. त्यात तडजोड नाही.

नवा पाईप मी तांबं-निकेलचा आणला, वेटोळं करून मिळतो तो. नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल. जहाजांत समुद्राचं पाणी खेळवायला हाच धातू वापरतात. हाताने वळतो, पोलादासारखा हट्ट करत नाही. जुने नट मात्र हट्टी. त्यांच्यावर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं आणि साधा पाना न लावता नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा पाना लावायचा, नाहीतर कोपरे झिजून नट गोल होतो आणि मग बसा.

खरी मजा पाईपचं तोंड फुलवण्यात. आधी नट पाईपात ओवून घ्यायचा, मग तोंड साच्यात धरून घंटेसारखं उघडायचं आणि उघडलेली कड पुन्हा आत दुमडायची. करंजीची मुरडच ती, फक्त जरा चुकली तर सारण नव्हे, ब्रेक ऑईल बाहेर येतं. जाता जाता एक: मधला सडका तुकडा कापून नळाच्या कामातला कॉम्प्रेशनचा जोड लावायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नये. तो दाब त्या जोडाला झेपायचा नाही.

शेवटचं काम एकट्याने होत नाही. पाईपात शिरलेली हवा काढायला एक माणूस पेडलवर आणि एक चाकापाशी लागतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. आत बुडबुडा राहिला तर पाय टेकवला तरी पेडल नुसतं खाली जातं. मी चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक ऑईलच्या बाटलीत बुडवलं. बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा." मी निपल अर्धा आटा सैल केला. नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली आणि पेडल खाली गेलं.

"खाली गेलं गो! सोडू काय?"

"नको, नको! आधी मला आवळू दे. हां, आता सोडा."

निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत शिरते, हे त्यांना पहिल्या चाकाशीच समजलं. तिसऱ्या चाकापासून तेच मला हुकूम सोडू लागले. मधूनमधून बॉनेटखालच्या डब्यातलं ऑईल संपत तर नाही ना, यावर नजर ठेवायचं खातंही त्यांनी आपणहून घेतलं. ऑईलचा एक थेंब फेंडरवर पडला, तो रंग खाईल म्हणून मी धावत पाणी आणलं, तर म्हणाले, "आरडाओरडा कशाला, पुसला मी."

पेडल दगडासारखं घट्ट झालं. आधी उभ्या गाडीत ब्रेक मारून पाहिला, मग ड्राइव्हवेवर चालण्याच्या वेगाने, मग गल्लीत. प्रत्येक थांब्यानंतर मी खाली वाकून नवे जोड कोरडे आहेत ना, ते बघत होते. बाबांचं लक्ष उरलेल्या वेटोळ्याकडे होतं.

"ह्याला खाऱ्या वाऱ्याने काही होत नाही म्हणतेस?"

"जवळपास काहीच नाही."

"मग हा माझ्या बॅगेत टाक. आपल्या मारुतीचे पाईप कुणी बघितलेत?"

"तिकडे मिळेल की हो, बाबा. आणि विमानतळावर विचारलं तर काय सांगाल?"

"सांगेन, ब्रेक आहे. मुलीने दिलाय."