बाससाठी हलका रॉड कुठला घ्यायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग असो नाहीतर न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या देशी दुकानाचं काउंटर, मी मासे पकडतो हे माहीत असलेला कुणी भेटला की दोन मिनिटांत विषय तिथेच येतो, "अरे बाससाठी एकदम हलका, सेन्सिटिव्ह रॉड घ्यायचाय, कुठला घेऊ?" आणि फोनवर तीनशे डॉलरच्या रॉडचं पान आधीच उघडलेलं असतं. त्याला माझ्याकडून फक्त "घे" एवढंच ऐकायचं असतं. मी ते म्हणत नाही आणि रांग पुढे सरकते, म्हणून आज एकदाच सविस्तर लिहितो.

आधी हे सेन्सिटिव्ह सेन्सिटिव्ह म्हणजे नक्की कशासाठी, ते बघू. लार्जमाउथ बास, म्हणजे इथल्या तळ्यांतला गोड्या पाण्यातला मासा, प्रत्येक वेळी गळाला जोरात हिसका देईल असं नसतं. तो तोंड उघडतो, पाणी आत खेचतो आणि त्या पाण्याबरोबर तुमची प्लॅस्टिकची अळी पण आत जाते. पटलं नाही तर लगेच थुंकतो. मी फॅरिंग्टन लेकला काठावरून नेड रिग टाकतो, म्हणजे मशरूमसारखं छोटं डोकं असलेला गळ आणि त्यावर जेमतेम करंगळीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, डोक्याचं वजन एक दशांश औंस म्हणजे ३ ग्रॅमसुद्धा नाही. ते तळाला टेकवून हळूहळू ओढत आणायचं. खडी असली की हाताला करकर येते, चिखल असला की काहीच येत नाही, नुसतं जड लागतं, शेवाळ असलं की चिकट ओढ लागते आणि मग सुटते. आणि मासा? कधी एकच बारीक "टक्". कधी तेही नाही, नुसतं आत्तापर्यंत हाताला लागत असलेलं ते ३ ग्रॅम गायब होतं, कारण माशाने अळी उचलून तो तुमच्याच दिशेने निघालेला असतो. पहिल्या सीझनला मला वाटायचं इथे मासेच नाहीत. मासे होते, येत होते आणि जात होते, मला पत्ता नव्हता.

आता गंमत सांगतो. मी आयुष्यात बघितलेली सगळ्यात सेन्सिटिव्ह मासेमारी रॉडशिवायची होती. रेवदंड्याला खाडीवर माझे काका शिंगाळीसाठी गरवायला बसायचे, हातात नुसती तंगूस, गरीला कोळंबी, आणि तंगूस तर्जनीवरून घेतलेली. गप्पा मारतामारता मधेच हात वर जायचा आणि मासा लागलेला असायचा. मी विचारायचो कसं कळलं, तर म्हणायचे, "बोटाला विचार." (कुणीतरी म्हणेलच की आपला जिताडा पण बासच. त्याला एशियन सीबास म्हणतात खरं, पण नातं नावापुरतं, इथला लार्जमाउथ सनफिशच्या कुळातला.) काकांकडे मासा आणि बोट यांच्यामधे फक्त दोरा होता. नेड रिग हाताने लांब फेकता येत नाही म्हणून मधे रॉड आला, आणि तो मधे आला की थोडंफार खातोच. कमीत कमी खाईल असा रॉड शोधायचा, एवढीच सगळी भानगड.

म्हणून माझा पहिला सल्ला रॉडचा नाहीच, लाईनचा म्हणजे दोऱ्याचा आहे. साधी मोनो लाईन रबरासारखी ताणते, लांबवर झालेली ती बारीक "टक्" लाईनच गिळून टाकते. तीनशेच्या रॉडवर स्वस्त मोनो भरणारी मंडळी मी बघितली आहेत. १० पाउंडची (म्हणजे तेवढा ताण पेलणारी) ब्रेड लाईन घ्या, म्हणजे विणलेली, ती जवळजवळ ताणतच नाही, तिच्या पुढे ७-८ फूट फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा जोडतुकडा, ८ पाउंडचा, डबल युनी गाठ मारून. वीसेक डॉलरचं काम आहे. हे आहे त्या रॉडवर आधी करून बघा, निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो.

नाही मिटला तर रॉड. लेबलवर दोन शब्द असतात आणि लोक त्यात हमखास घोळ घालतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे वाकतो कुठे. फास्ट म्हणजे शेंड्याकडून वाकतो, मॉडरेट म्हणजे मधल्या भागापर्यंत. हलक्या लुअरसाठी (म्हणजे खोट्या आमिषासाठी) मी मीडियम लाइट पॉवर, फास्ट ॲक्शन, ६ फूट १० इंच ते ७ फुटांचा स्पिनिंग रॉड सांगतो. अल्ट्रालाइट नको, नाव ऐकून मोह होतो पण जरा बऱ्या बासला शेवाळातून बाहेर काढायला तो पुरत नाही. लेबलवर लुअरचं वजन पण छापलेलं असतं, ते वाचा, ३ ग्रॅम त्यात बसत नसतील तर रॉड कितीही भारी असो, तुमच्या कामाचा नाही.

मग रॉडच्या जाहिरातीतले ते कार्बनचे आकडे, म्हणजे फायबर किती ताठ ते. कार्बन फायबर जितका ताठ जातीचा तितका कमी माल वापरून तेवढाच कडकपणा मिळतो, म्हणून रॉड हलका होतो आणि हादरा हातापर्यंत न विरता येतो. इथपर्यंत खरं. पण एका कंपनीच्या आकड्याची दुसरीशी तुलना करून काही हाती लागत नाही, आणि आयएम६ वगैरे जे लिहितात ते मुळात एका फायबर बनवणाऱ्या कंपनीचं उत्पादनाचं नाव, दर्जाचा शिक्का नव्हे. शिवाय माल कमी म्हणजे भिंत पातळ. माझा सगळ्यात महागडा रॉड कुठल्या माशाने मोडला नाही, मी मोडला. पहाटे गाडीत आडवा ठेवला, शेंडा दाराबाहेर चार बोटं राहिला, दार ओढलं. आवाज इतका लहान आला की लेकला पोचून रॉड बाहेर काढेपर्यंत मला कळलंच नाही. सेन्सिटिव्ह माणूस.

वजनाचंही असंच. ३.८ औंस आणि ४.६ औंस यात फरक साधारण २३ ग्रॅमचा, आणि त्यावर तुम्ही दोनशे ग्रॅमच्या वरचं रील चढवणार. खरं बघायचं ते हे की शेंडा जड लागतो का. दुकानात आपलं रील घेऊन जा (दुकानदार काही बोलत नाहीत, मी दर वेळी नेतो), लावा, आणि रीलच्या पायाच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोला. नाक खाली करत असेल तर तासाभराने मनगट दुखणार, मग तुम्ही मूठ आवळणार, आणि आवळलेल्या मुठीला "टक्" कळत नाही. पकड सैल पाहिजे, तर्जनी ब्लँकला (म्हणजे रॉडच्या नुसत्या काडीला) किंवा लाईनला टेकलेली. काकांसारखी.

आणखी एक प्रकार दुकानात चालतो, शेंडा मित्राच्या गळ्याला लावायचा, त्याने बोलायचं आणि आपण मुठीत थरथर बघायची. आमच्या एका मित्राने भर दुकानात गळ्याला शेंडा लावून पाऊण मिनिट ॐ म्हटला, आजूबाजूचे थांबून बघायला लागले. सगळ्या रॉडमधून थरथर आली, साठ डॉलरच्यातूनसुद्धा, आणि तो होता तिथेच राहिला.

आणि क्रँकबेट टाकणार असाल, तीन काट्यांचे गळ लटकलेलं ते आमिष, तर वरचं सगळं विसरा. तिथे कडक रॉड उलट नडतो, मासा डोकं झटकतो आणि ते बारीक काटे फाडून निघतात. तिथे मऊ, फायबरग्लास मिसळलेला रॉडच बरा. सेन्सिटिव्ह सगळीकडे लागतो असं नाही.

पैशाचं विचाराल तर शंभर ते दीडशे डॉलरमधे चांगला रॉड मिळतो. त्याच्या वर फरक आहे, नाही असं नाही, पण तो कळायला आधी बोट तयार व्हावं लागतं. मी स्वतः मोडलेल्या रॉडनंतर वापरलेला घेतला, साठ डॉलरला. वापरलेला घेताना कानात घालायची कापसाची काडी खिशात ठेवा आणि प्रत्येक गाईडच्या, म्हणजे लाईन जिच्यातून जाते त्या कडीच्या, आतल्या कडेने फिरवा. धागा अडकला म्हणजे रिंगला चीर आहे, ती लाईन कापणार, रॉड परत द्या. माणूस विचित्र नजरेने बघतो, बघू दे.