पुढच्या वेळी किती?

एकादशीला मुलाने वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दहा मिनिटांत त्याच्या अंगभर गांधी उठल्या. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा. "पित्त उठलंय गं," म्हणत सासूबाईंनी आमसूल भिजवून लावलं. तासाभरात उतरलंही. दोन महिन्यांनी काकडीच्या कोशिंबिरीचे दोनच घास, आणि ओठ सुजले, उलटी झाली, छाती घरघरायला लागली. दोन्हींत शेंगदाण्याचं कूट. वाटीभराने नुसत्या गांधी आणि दोन घासांनी घरघर, हा हिशेब मला काही केल्या लागेना.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर अँटिहिस्टामाइन, म्हणजे गांधींवरचं औषध, बंद ठेवायचं होतं. तिथे हातावर पेनाने खुणा, एकेका पदार्थाच्या अर्काचा एकेक थेंब, बारीक टोचणी, मग पंधरा मिनिटं न खाजवता बसायचं. (तेवढ्यात ससा-कासव तीनदा शर्यत पळाले.) शेंगदाण्याच्या खुणेवर ९ मिलिमीटरची गांध उठली. ३ लाच पॉझिटिव्ह धरतात. रक्तातलं आयजीईही (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेलं.

"म्हणजे पुढची रिअ‍ॅक्शन मोठी येणार?"

"ते यातून नाही कळत," डॉक्टर म्हणाले. गांध मोठी असली तर अ‍ॅलर्जी असल्याची खात्री वाढते. ती किती जोरात येईल ते सांगता येत नाही. गेल्या वेळी पित्तावर भागलं म्हणून पुढेही भागेल असं नाही. पोटात किती गेलं, त्या दिवशी ताप होता का, खाऊन लगेच हुंदडला का, यावरही असतं.

मग रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी दम्याचं विचारलं. रात्री खोकतो का? पंप रोज देता? मी गप्प. खोकला थांबला की मी पंप सोडून द्यायचे. दमा आटोक्यात नसेल तर रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते, हे मला तिथे कळलं. स्वतःचाच राग आला.

घरी येताना अ‍ॅड्रेनालिनच्या अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, आणल्या. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, तो १६ किलोचा, म्हणजे ०.१६ मिलिग्रॅम; अँप्युलमध्ये मिलीला एक मिलिग्रॅम, म्हणून ०.१६ मिली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. श्वास अडला की आधी इंजेक्शन, मग थेट हॉस्पिटल. आम्ही मोसंब्यावर सराव केला. सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला. घाण्याचं शेंगदाणा तेलही त्यांनीच बंद केलं.

परवा त्याचं वजन १८ भरलं. अँप्युलच्या डब्यावरचं ०.१६ खोडून सासूबाईंनी ०.१८ लिहिलं.